माझ्या नावची सुई

वेस्ट मांबलम, चेन्नई
१४ नोव्हेंबर २०२५

आख्खं नवरात्र टी. नगरात काढलंत आणि माझ्या घरचं घोटभर पाणी प्यायला आला नाहीत! मांबलम स्टेशनाचा पूल, त्याच्या पलीकडे तुम्ही आणि अलीकडे मी. त्या दिवसांत इथे घरोघरी बाहुल्या मांडतात. शेजारच्या मामींनी मला कुंकवाला बोलावलं, तळमजल्यावरच्या तेलुगू बाईने बोलावलं. मी विधवा आहे हे बघूनसुद्धा बोलावलं आणि हातावर सुंडल, ती हरभऱ्याची उसळ, ठेवलं. आणि माझी विहीण भाड्याच्या खोलीत दार लावून बसली होती. सत्तरी उलटली माझी, विहिणीला घाबरून लपलेली विहीण पहिल्यांदाच बघितली.

हे आधी लिहून टाकलं. आता रीतीचं लिहिते.

सौ. विद्युलताबाई यांस हेमलताचा नमस्कार. वसंतरावांनाही सांगा. चिपळुणात थंडी पडायला लागली असेल. इथे पावसाळा आत्ता चालू आहे, कपडे वाळत नाहीत, घरभर कुबट वास. तुमची नात ऊर्मी दुसरीत आहे. मराठीत ‘आजी गप्प बस’ एवढंच न अडखळता म्हणते, बाकी तामिळ नाहीतर इंग्रजी. मकरंद-कौमुदी ठीक. माझी तब्येत बरी आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नका, तिसरीत शाळा सुटली माझी.

फोनच केला असता. पण हल्ली माझा फोन आला की तुमचा आवाज तुटतो. नाहीतर वसंतराव घेतात आणि मला चिपळूणच्या नगरपालिकेबद्दल सांगत बसतात. पत्राचा आवाज तुटत नाही.

तर ऐका. सांध्यांची माझी सुई श्रावणात होती. सहा महिने झाले की एक, आणि पंधरा दिवसांनी दुसरी, हे तुम्हाला मी सांगायला नको. श्रावणात मकरंद म्हणाला, डॉक्टर परदेशी गेल्यात. मग म्हणाला, ऑफिसात काम आहे. मग म्हणाला, दिवाळी होऊ दे आई. दिवाळी झाली. मीच दवाखान्यात फोन लावला तर तिथली मुलगी म्हणते, डॉक्टर कुठे गेल्यात? इथेच आहेत, तुम्हीच आला नाहीत. मग कोणाला न सांगता गेले. ऑटोवाल्याने दीडशे मागितले, त्याच्याशी भांडून शंभरात गेले.

काउंटरवरच्या पोरीने कार्ड घेतलं, टकटक केलं, पुन्हा केलं. म्हणाली, “पाटी, उंगळ पेर इल्लै.” म्हणजे आजी, तुमचं नाव नाही. पन्नास वर्षं या गावात काढलीत, तामिळ मला कळतं. तरी ते वाक्य मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मी म्हटलं, “माझ्या मुलाच्या कंपनीचा विमा आहे. मुलाच्या यादीत नीट बघ.”

ती म्हणाली, “बघितलं पाटी. बायको आहे, मुलगी आहे, सासू-सासरे आहेत. आई नाही.” आणि वर म्हणते, “पैसे भरलेत तर आजच करू.” एका सुईचे चाळीस हजारांच्या वर सांगितले. जणू लिंबं विकतेय.

तेवढ्यात पुष्पवल्ली आली. सुई लावणारी हो, जाडसर, तुम्हाला केळं सोलून दिलं होतं ती. मला बघून खूश. म्हणाली, “अम्मा, तुमच्या संबंधीण (म्हणजे विहीण, तुम्ही) नवरात्रात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा येऊन गेल्या. टी. नगरात खोली घेतली होती. तुमच्याच खाटेवर, खिडकीपाशी. विचारत होत्या, हेमलता अम्मा आल्या होत्या का म्हणून.”

हे विचारताना तुमची जीभ कशी वळली, विद्युलताबाई? मी आले होते की नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी येऊ शकत नव्हते. मी ज्या जागेवरून यायची तिथे तुम्ही पडला होतात.

कंपनीचा नियम मला माहीत आहे. एप्रिलमध्ये यादी उघडते. आपले आई-वडील घालायचे नाहीतर बायकोचे. दोन्ही नाही. माझा जोडीदार गेला, मी एकटी. तुम्ही दोघं. एका जागेवर दोन जीव बसत असतील तर तिथे एकटी म्हातारी कशाला, असा हिशेब मकरंदने केला असणार. हिशेबात तो लहानपणापासून हुशार. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं आपल्यात म्हणतात. तुम्ही घोडं धाडलं नाहीत. माझंच सोडून नेलंत.

कौमुदीचंही म्हणणं मला ठाऊक आहे. ती बोलली नाही म्हणून मला कळत नाही असं थोडंच आहे? तिची नोकरी होती तोवर तुम्ही दोघं तिच्या यादीत होतात. ऊर्मी झाली तेव्हा ठरलं होतं की पोर मी सांभाळायची. दुसऱ्याच महिन्यात उकळत्या दुधाचं पातेलं माझ्या हातातून सुटलं. पाळणा चार पावलांवर होता. कौमुदीने आठवड्यात राजीनामा दिला. म्हणजे बघा, या दुखण्याने माझी बोटं खाल्ली, मग तिचा पगार खाल्ला, मग तुमचा विमा खाल्ला. माझ्या बोटांपायी तिच्या आईबापांची जागा गेली, असं ती म्हणू शकते. तोंडावर म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. दोन शब्द उलटे बोलले असते, पण ऐकलं असतं.

पण तुम्ही?

मागच्या मेच्या आधीचा मे आठवा. माझ्या स्वयंपाकघरात आपण आंबे कापायला बसलो होतो. तुम्ही सुरी मुठीत धरली, बोटांत नाही. मी म्हटलं, “विहीणबाई, केव्हापासून?” तुम्ही म्हणालात, “काय केव्हापासून? उष्णता झालीय.” मी म्हटलं, “उष्णतेने गळवं होतात, बोटं वाकडी होत नाहीत. माझ्या हाताकडे बघा, पाच वर्षांनी तुमचा असा होईल.” तेव्हा तुम्ही रडलात. वसंतरावांना सांगू नका म्हणालात, त्यांच्या शाळेला पेन्शन नाही, ते खचतील. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी देवळात जातो असं घरात सांगून मीच तुम्हाला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

आणि मीच शिकवलं सगळं. की गोळ्यांचे पैसे कंपनी देत नाही, रक्ताच्या तपासणीचे देत नाही, डॉक्टरांच्या फीचे देत नाही, ऑटोचे तर नाहीच. ते दर महिन्याला घरातून जातात आणि चहापत्तीसारखे कळेनासे होतात. खाटेवर पडलं, दाखल झालं, तरच कंपनी पैसे मोजते. म्हणून सुई खुर्चीत बसून घ्यायची नाही, दाखल होऊन घ्यायची. चालता माणूस महाग आणि आडवा माणूस फुकट, असा यांचा कारभार. तुम्ही हसला होतात. म्हणालात, “हेमलताबाई, सख्खी बहीण करणार नाही ते तुम्ही केलंत.” खरं आहे. पुढे तुम्ही जे केलंत तेही सख्ख्या बहिणीने केलं नसतं.

आता डब्याचं.

घटस्थापनेच्या दिवशी कौमुदी म्हणाली, “आई, माझ्या मैत्रिणीची आई उपचाराला आलीय. इथलं सांबार तिला सोसत नाही. आपल्याकडचा मऊ भात-आमटी द्याल का करून?” मी म्हटलं, देते. आजारी बाई, परका मुलूख, आपलं अन्न मिळालं तर चार घास जातील पोटात. पंधरा दिवस दिला डबा. कुकरचं झाकण मला लागत नाही, ते कौमुदी लावायची. फोडणी माझी. आमटीत आमसूल घातलं. तुम्हीच पाठवलेलं. मांबलममध्ये कोणाच्या आमटीत आमसूल पडतं हो? इथे सगळी चिंच. पहिल्या घासाला तुम्हाला कळलं असणार की हा कोणाच्या हातचा आणि कोणाच्या घरचा.

कळलं, तरी गिळलंत. आणि तिसऱ्या दिवशी निरोप पाठवलात, मीठ थोडं कमी चालेल. कौमुदीने मला सांगितलं, मैत्रिणीची आई म्हणतेय.

मी मीठ कमी केलं, विद्युलताबाई.

दिवाळीला तुमची कडबोळी आली. फोनवर आवाज न तुटता म्हणालात, “तब्येतीला जपा, सुई चुकवू नका.” मी म्हटलं, नाही चुकवत. किती बावळट दिसले असेन तुम्हाला.

वर लिहिलंय की तब्येत बरी आहे. ती नाही. आणि अक्षर तिसरीत शाळा सुटली म्हणून वाकडं नाही. तिसरीत माझं अक्षर चांगलं होतं. पेनाला चिंधी गुंडाळून मुठीत धरलंय, जशी तुम्ही सुरी धरली होती. चार ओळी झाल्या की थांबते. ब्लाउजचे हुक लागत नाहीत म्हणून दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन फिरते. शेजारच्या मामींना वाटतं, मराठी बायकांची रीत असेल. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी फुकट तपासलं आणि तोवर म्हणून स्वस्तातल्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तोंड सुजतं, साखर वाढते. बिल्डिंगमधल्या बाया म्हणतात, पाटी, तब्येत सुधारली तुमची.

सुई झाली नाही माझी. पण घरात सगळे झाली असं धरून चालतात. तेही सांगते.

त्या दिवशी घरी आले तर मकरंद जेवत होता. म्हणाला, “कुठे गेली होतीस?” मी म्हटलं, “दवाखान्यात. सुई घेऊन आले.”

मुद्दाम म्हटलं. त्याचा घास हातात राहिला. त्याला माहीत होतं माझं नाव नाही. नाव नसताना सुई होत नाही, आणि झाली असेल तर म्हातारीने पैसे कुठून आणले हे विचारायला नको? बांगडी विकली का, कोणाकडून उसने घेतले का, काहीतरी? मी उभी राहिले. चप्पलसुद्धा काढली नाही. त्याने कौमुदीकडे बघितलं. कौमुदीने ताटाकडे बघितलं.

मग म्हणाला, “बरं झालं आई. एक काम झालं.” आणि जेवला. पोळी मागून घेतली.

त्याच्याशी माझं काय ते मी बघेन. माझं पोर आहे, त्याला कुठे धरायचं मला ठाऊक आहे. हे पत्र त्याला का नाही आणि तुम्हाला का, ते सांगते. त्याची बोटं दुखत नाहीत. कौमुदीची दुखत नाहीत. सकाळी उठल्यावर नळ उघडायला गेलं की काय होतं, हे या सगळ्या नात्यागोत्यात मला सोडून एका तुम्हालाच माहीत होतं. मला वाटायचं, मी मेले तर बाकीचे रडतील, पण मला काय होत होतं ते विद्युलताबाई सांगतील. माहीत असून केलंत. न कळणाऱ्याने लाथ मारली तर लागते तेवढीच लागते. हे तसं नाही.

मला विचारलं असतं तर मी जागा दिली असती का? नसती दिली बहुतेक. आधी भांडले असते. मग दोन दिवस तोंड फुगवलं असतं. मग काय केलं असतं मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. मी देवी नाही. पण नाही म्हणायचा हक्क माझा होता आणि हो म्हणायचाही माझाच. तुम्ही चौघांनी मिळून मला एवढी हलकी ठरवलंत, की म्हातारीला विचारायचं तर कटकट, त्यापेक्षा तिच्याच हातचा डबा खाऊ.

आता पुढचं. एप्रिलमध्ये यादी परत उघडेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, लवकर सुरू केलं तर बोटं वाचतात. तुमचं लवकर सुरू झालंय. माझी निम्मी गेलीच. पण उरलेल्या निम्म्यांनी मी अजून वेणी घालते, भात कालवते, माझं मी धुते. दुसऱ्याने धुवावं असे दिवस मला नकोत. ती निम्मी मला हवी आहेत. ही भीक नाही मागत, माहिती देतेय, कारण मागच्या वेळी तुम्ही ती विचारली नव्हतीत.

तेव्हा यादीत तुमचं नाव ठेवायचं की माझं घालायचं, ते तुम्ही मला लिहा. मकरंदला मी विचारणार नाही. ‘मुलं काय ते ठरवतील’ असं लिहिलंत तर पत्र तसंच परत पाठवीन. ‘माझं ठेवा’ म्हणायचं असेल तर तसं लिहा, ‘तुमचं घाला’ म्हणायचं असेल तर तसंही लिहा. पण तुमच्या नावाने, तुमच्या सहीने.

आणि उत्तर तुम्हीच द्यायचं. वसंतरावांच्या मास्तरी अक्षरात नको, कौमुदीच्या मोबाइलवर नको. बोटं वळत नाहीत हे मला सांगू नका. माझ्या नावच्या दोन सुया गेल्यात त्या बोटांत. एका पोस्टकार्डापुरती तरी वळत असतील.

मोडता येत नाही म्हणून अजून तुमची विहीण,
हेमलता