माळ्यावरच्या फळ्या

कुओपिओ, ४ फेब्रुवारी १९५६

ती. आजीस,
इर्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण अंगठ्यात पटाशी घुसली होती. रंधा मारायला गेले की तो घसरतो, नाहीतर रुतून बसतो. सुतारशाळेतला शेजारच्या बाकावरचा लौरी म्हणतो, इर्या लाकूड तासत नाही, त्याला गुदगुल्या करते.

तेही सोसलं असतं. पण सरांनी सांगितलंय, लाकूड ज्याचं त्यानं निवडून आणायचं आणि एक मेपर्यंत झाकणाची संदूक करून दाखवायची. नाही जमली तर शाळेतली जागा गेली. बाबांनी तर दुकानात माझ्यासाठी काम बघूनच ठेवलंय. मी वखारीत पाइनच्या फळ्या बोटानं ठोकून पाहिल्या, खणखणीत वाजल्या. वाळलेल्या समजून घेतल्या. सकाळी कार्यशाळेत बघते तो खाली पाण्याचं तळं! ओल्याच होत्या गं, गोठल्या म्हणून वाजत होत्या. आता वाळताना नावेसारख्या वळल्यात. वखारवाला म्हणाला, नाव झाली असेल तर सरोवरात सोड, मी परत घेत नाही. दुसरं लाकूड घ्यायला जवळ काही उरलं नाही. काय करू, सुचत नाही.

लोभ असू दे, रागावू नकोस.
तुझी इर्या

&nbsp;

कोर्पिला, ११ फेब्रुवारी

चि. इर्येस आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्हीदा हसले. पोरी, तू थेट आजोबांवर गेलीस! लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी अश्शाच गोठलेल्या फळ्यांचं गोठ्याचं दार केलं. उन्हाळा येईतो त्याला अशा फटी पडल्या, की बंद दारातून मांजर येजा करायची. मांजर खूश, गाय नाखूश. गायीवरून आठवलं, आपली काळी व्यायली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका. शेजारची फीना म्हणते, नाव इर्या ठेवा. मी म्हटलं, विचारून कळवते.

हां, तर लाकूड. माळ्यावर माझ्या फळ्या आहेत ना, आजोबांनी शवपेटीसाठी कापून ठेवलेल्या? त्यांच्या त्यांच्याबरोबर गेल्या, माझ्या नुसत्या पडून आहेत. हाडासारख्या वाळल्यात, एक गाठ नाही. त्या तुला पाठवते. मला कुठे घाई आहे! जेव घासभर जास्त. अंगठ्याला डांबराचं मलम लाव.

लोभ आहेच, तो आटायचा नाही.
आजी

&nbsp;

कुओपिओ, १९ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

त्या फळ्या पाठवू नकोस. हात जोडते. आजोबा दर हिवाळ्यात माळ्यावर जाऊन त्या उलट्यासुलट्या करायचे, मी शिडी धरायचे. त्या फळ्यांवर मी करवत चालवू? मला अजून सरळ रेघेत कापताही येत नाही. कालच सर माझा तुकडा उजेडात धरून काही न बोलता पुढे गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या फळ्या घरमालकिणीच्या वाफेच्या न्हाणीघरात, सौनात, वाळवून पाहिल्या. शनिवारी सगळे अंघोळीला बसले असताना एकेक फाटकन तडकली. घरमालकिणीचे म्हातारबुवा उघड्या अंगानं बर्फात पळाले. आता जळणाशिवाय उपयोग नाही. बाबांना सांग, मी येते घरी. दुकान तर दुकान.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
इर्या

&nbsp;

कोर्पिला, २६ फेब्रुवारी

चि. इर्येस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाला काही सांगितलं नाही. म्हातारबुवांचं मात्र गावभर सांगितलं, फीनाची कॉफी नाकातून आली.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भाकरी भट्टीत घातली आणि आजोबांची करवत घेऊन माळ्यावर गेले. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं, गप. एकेक फळी मधोमध कापली. बाई गं, किती कठीण काम! घाम काय, धाप काय, मध्ये खोक्यावर बसून चक्क रडू आलं, आजोबांसाठी नाही, करवतीपायी. सरळ कापायला गेले की ती आपली डावीकडेच निघायची, हाताला जोरच नाही. खाली भाकरी जळल्या.

वासानं तुझा बाबा, ऑस्करी, धावत आला. बघतच राहिला. म्हणाला, आई, हे काय केलंस, आता तुला कशात ठेवायचं? मी म्हटलं, तेव्हा मी बघायला नसेन, तुला जमेल ते कर. तुझा बाबा शिडीच्या पायरीवर डोकं धरून बसला. मग उठला, फळ्या खांद्यावर घेतल्या आणि दुधाच्या गाडीवर चढवल्या. दुकानाचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

तेव्हा आता मिळतील त्या घे. कडा वाकड्या आहेत, त्या आजीनं कापल्यात, लाजू नकोस, सरांना सांग. परत मात्र पाठवू नकोस. माझ्या मापाच्या त्या आता उरल्या नाहीत.

लोभ आहेच, तो तेवढा जपून ठेव.
आजी