दयेवरचं प्रकरण

३ जून
आज अण्णा पंधरा मिनिटं खुर्चीत बसले. व्यायाम करवून घेणारा मंजुनाथ "स्वल्प मुंदे, सर", जरा पुढे, असं कन्नडमध्ये म्हणत मागून धरून होता. झटक्याला चार महिने झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळतं किती, डॉक्टरही सांगत नाहीत. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माझा भाऊ!
मुक्ताचा फोन. "आत्या, प्रकाशक घाई करतायत. शेवटचं प्रकरण तेवढं टाइप कर. बाबांचं अक्षर तुलाच लागतं."

५ जून
सुरुवात केली. अण्णांचं पुस्तक एका जर्मन तत्त्वज्ञावर. दयेला दुबळेपणा म्हणणारा. पुढे डोकं फिरलं, अकरा वर्षं परस्वाधीन. आधी आईने केलं, मग बहिणीने. बहिणीने त्याच्या कागदांत हवे ते फेरफार केले. अण्णांनी तिला चार पानं झोडपलंय.
चार वाजता जयनगरला जाऊन डायपर आणले.

८ जून
पान एकोणीस. अण्णा लिहितात:
"माझ्या धाकट्या बहिणीने आईचं नऊ वर्षं केलं. नोकरी सोडली, लग्न केलं नाही. लोक त्याला त्याग म्हणतात. मी जवळून पाहिलं. आई हळूहळू तिच्या मालकीची झाली. दयेत सत्ता असते, ती अशी."
पुढे टाइप झालं नाही.
अंग पुसताना अण्णांचा हात जरा जोरातच चोळला गेला. लाल झाला. नंतर तेल लावलं.

९ जून
परिच्छेद गाळला. वाचून पाहिलं, काही गेलंय हे कळतसुद्धा नाही.
मुक्ता : "झालं?"
"होत आलं."

११ जून
आईला रव्याची खीर आवडायची नाही. पचायला हलकी म्हणून मी रोज भरवायचे. एकदा म्हणाली होती, "सुमे, मला विचार तरी."
हे मी कुणालाच, अण्णांनाही...

१२ जून
जेवणाआधी अण्णांसमोर बसून तो परिच्छेद मोठ्याने वाचला.
"छापायचं असेल तर डोळे मिटा, अण्णा."
बघत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण ते एरवीही येतं. मग मऊ भाताचा चमचा पुढे केला, तर तोंड घट्ट मिटून घेतलं. परत केला. परत तेच.
"भात नको, की मी नको?"
एरवी गाल दाबून भरवते. आज चमचा खाली ठेवला.
मुक्ताचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही. परिच्छेद टाइप करून ठेवलाय, वेगळ्या फाइलमध्ये.