मापाचा जुना फ्रॉक

प्रिय ताई,

फोन जवळ असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं तू म्हणशील. पण फोनवर तुझ्यामागे कायम कोणीतरी असतं. सासूबाई चष्मा शोधत असतात, भावोजींना काहीतरी सापडत नसतं, आणि तुझी चिमुरडी बटण तर फोन हिसकावूनच घेते. मला आज तू एकटी हवी आहेस. तेव्हा हे गच्चीवर जाऊन वाच. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आधीच सांगून टाकते, कारण पाकीट बघूनच तू दहा शंका काढल्या असशील.

आज मला सुट्टी आहे. सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. दूध तापत ठेवलं ते उतू गेलं, ओटा पुसला, मग कपाट आवरलं, मग आवरलेलंच पुन्हा आवरलं. खालून घरमालकीणबाईंनी विचारलं, "काय गं, वर कवायत चाललीय का?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत, तेवढीच तर खोली आहे.

माझं काम नक्की काय, हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही. आई लोकांना सांगते, मी शाळेत शिकवते. बाबा सांगतात, ऑफिसात आहे. दोन्ही अर्धं अर्धं खरं. आम्ही शाळाशाळांतून जातो आणि लहान मुलांशी जमिनीवर बसून बोलतो. माझ्याकडे एक कापडी बाहुली आहे, तिच्याच हातापायांवर सगळं समजावते. तुमचं अंग तुमचं आहे, कोणी नको तसा हात लावला तर त्यात तुमची काही चूक नाही, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा, त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. त्या बाहुलीचा हात सारखा उसवतो. कालच पुन्हा शिवला, असा की टाका दिसणार नाही. शेवटी टेलरचीच पोरगी.

हे मी मनापासून बोलते, ताई. कॉलेजात असताना वाटायचं तसं अजूनही वाटतं, की माणसं बोलती झाली तर बरंच काही बदलेल. तू हसशील. "आली मोठी जग सुधारायला," असं तू माझ्या पहिल्या भाषणानंतर म्हणाली होतीस, आणि तरी पहिल्या रांगेत बसून टाळ्या तूच सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या होत्यास.

तर गेल्या आठवड्यात एका शाळेत माझं सगळं बोलून झालं, आणि मागे बसलेली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, एक सुटलेली. म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाला सांगितलं होतं?" बस, एवढंच. तिनं "तुमच्या बाबतीत असं झालं होतं का" हे विचारलंच नाही, थेट पुढचंच विचारलं. वर्ग हसला. मी म्हटलं, छान प्रश्न आहे, आणि बाहुली पिशवीत भरायला लागले. परत येताना आमच्या संस्थेच्या मॅडम सोबत होत्या. ऑफिसच्या जिन्यात एवढंच म्हणाल्या, "बोलायचं की नाही, कधी आणि कोणाशी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. आपण फक्त दार उघडं ठेवायचं." तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

आता घरच्या बातम्या. दादाच्या लग्नाची गडबड तुला कळतेच आहे. बाबांनी जाहीर केलंय की घरातल्या एकानंही तयार कपडे विकत आणायचे नाहीत, सगळं आपल्याच दुकानात शिवायचं. दादा म्हणाला, "म्हणजे लग्नाच्या दिवशीसुद्धा माझी एक बाही लांब असणार." बाबा चिडले, आई हसली. दुकानात आता माझा पदवीचा फोटो लावलाय. काळा गाऊन, बाबा-आई दोन्हीकडे, आणि कडेला गळ्यात टेप अडकवलेले, आपल्या दुकानात कापायला असलेले मास्तरकाका. येईल त्या गिऱ्हाइकाला तेच दाखवतात, "आमच्या घरातली पहिली पदवीधर." फोटो काढताना मास्तरकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी सरकले, तर आई म्हणाली, "नीट उभी राहा की, फोटोत वाकडी येशील." आलेच आहे वाकडी. आलीस की बघ.

परवा घरी गेले होते, तर तू पाठवलेलं पार्सल आई दुकानात बसून उघडत होती. आत बटणचा पिवळा फ्रॉक. सोबत तुझी चिठ्ठी, मापाला पाठवतेय, यावरून शिवा. आई हसून म्हणाली, "बघ तुझ्या ताईचं. स्वतः आयुष्यभर मापाला जुना ड्रेस देत आली, आता लेकीचाही देतेय." मास्तर कापड कापत होते. मान वर न करता म्हणाले, "वाढत्या मुलीचं माप असं घेतात होय? घेऊन येऊ दे तिला. मी घेतो नीट." बाबा म्हणाले, बरोबर आहे, शनिवारी सगळ्यांचीच मापं घेऊन टाकू, फोन करतो तिला. त्यांनी तुला फोन केलाच असेल. आणि तू बरं म्हणाली असशील, कारण नाही म्हणायला कारण काय सांगणार.

मी त्या फ्रॉककडे पाहत राहिले, ताई. मग माडीवर गेले आणि माझी ट्रंक उघडली. माझाही आहे ना तसाच एक. निळा, मापाचा. शाळेपासून कॉलेजपर्यंत जे जे शिवलं, ते त्याच्यावरून. एक संपला की दुसरा. घरात सगळे म्हणायचे, थोरलीची खोड धाकटीनं उचलली. मीही तसंच समजत होते, म्हणजे तू हौसेनं तसं करतेस आणि मी तुझ्या आडोशानं लपतेय, असं. शेपूटच ना मी तुझी. तू जिथं जिथं, मी मागे. रस्ता ओलांडताना तू मधेच मागे वळून बघायचीस, मी आहे ना म्हणून. पण तुझ्या जुन्या फ्रॉकमागेही काही असेल, हे परवापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग एकेक आठवत गेलं. आपल्या दुकानाची रीत बघ कशी होती. बाहेरच्या बायका-मुलींची मापं आई घ्यायची, बाबांचा तसा कडक नियम होता. लोकांच्या लेकीबाळी, कोणाला अवघड वाटायला नको. आणि आपली मापं? ती मास्तर घ्यायचे. आई घरकामात, आणि घरच्याच पोरी, त्यांना कसला संकोच. परक्या मुलींसाठी एवढा विचार करणाऱ्या माणसाला आपल्या मुलींसाठी करावासा वाटला नाही. वाईटपणानं नाही, विश्वासानं. पडदा ओढलेला. आतून मास्तर मोठ्यानं आकडे सांगणार, बाहेर मशीनवर बसलेले बाबा पाटीवर लिहून घेणार. खांदा. बाही. उंची.

तू शाळेत असतानाच एकदम पडद्याआड जाणं बंद केलंस. मापाला जुनाच फ्रॉक द्यायचीस. त्या वयात भराभर वाढत होतीस, नवे कपडे आखूड व्हायचे, काखेत काचायचे. बाबा चेष्टा करायचे, "ही पोरगी वाढायचं विसरली वाटतं." तू तोच काचणारा ड्रेस घालून फिरायचीस. मग माझ्या मापाची वेळ आली की तू पडद्याशी उभी. "मी पण आत येते." मास्तर म्हणायचे, "काय गं, पहारेकरी आहेस का?" आणि मग तू शिवायलाच शिकलीस. कोणी सांगितलं नव्हतं. माझे सगळे फ्रॉक तू शिवायला लागलीस. गळे वाकडे, चुण्या एकीकडे जास्त, मैत्रिणी हसायच्या, आणि मी तुझ्यावर रुसायचे की मास्तरांसारखं तुला जमत नाही. हे आठवलं आणि परवा मी ट्रंकेजवळच खाली बसले.

मग तुझं लग्न झालं. पुढे जे झालं ते मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. तुझ्या मागे माझी मापं पुन्हा पडद्याआड गेली. आत तो माणूस आकडे सांगायचा, आवाजात काही फरक नाही, बाबा बाहेर लिहून घ्यायचे. पण कुठल्याच फ्रॉकला लागत नाहीत अशी मापंही तो घ्यायचा, आणि ती मोठ्यानं सांगायचा नाही. एका पडद्यापलीकडे बाबांची मशीन चालू असायची. मला वाटायचं, ही मशीन थांबली तर मी ओरडेन. ती थांबायची नाही. खूप दिवसांनी सुचलं, ताई देते तसा जुना ड्रेस द्यावा. दिला. सुटले. म्हणजे मला वाचवलं तेही तुझ्याच युक्तीनं, तू घरात नसताना. त्या माणसाला काका म्हणणं आता मला जमणार नाही.

लग्न करून मला एकटीला सोडून गेलीस, असं कदाचित हे वाचता वाचता तुझ्या मनात येईल. ते तिथल्या तिथे काढून टाक. तूही तेव्हा पोरच होतीस. आणि माझा अंदाज चुकला असेल, तुझ्या बाबतीत असं काहीच नसेल, तर देव पावला. आणि तसं काही असलं, तरी तू मला ते सांगायलाच हवं असं नाही. मी शाळेत "सांगा" म्हणते, पण ते कोणाकडून ओढून काढायचं नसतं, एवढं मला कळतं. दार उघडं आहे, एवढंच म्हणते.

आता हे का लिहिलं ते ऐक. शनिवारी पडदा ओढायच्या आधी मी बाबांना मशीन थांबवायला सांगणार आहे आणि सगळं सांगणार आहे, आईसमोर, त्याच्या देखत. बाबांचं अर्धं आयुष्य त्या माणसाबरोबर गेलंय, कापायचं सगळं तोच बघतो, आणि लग्न तोंडावर आहे. कदाचित ते म्हणतील, तुझी समजूत चुकली असेल. कदाचित दुकानाचं शटर ओढून मलाच गप्प करतील. हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. पण बाबांनी नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांगेन, जे मी रोज पोरींना सांगते तेच. काय झालं ते मॅडमना सांगितलेलं नाही, पण लागलं तर त्या माझ्याबरोबर पोलिसांत यायला तयार आहेत, तेवढं विचारून ठेवलंय. तू बटणला घेऊन ये, पिवळ्या फ्रॉकची आता गरज नाही. तिचं माप मी घेईन, बाहेर, उजेडात, तिला विचारून. आणि तू ये. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आत यायचं नसेल तर दुकानाच्या पायरीवर थांब. आयुष्यभर मी तुझ्या मागे चालले, या वेळी पुढे मी आहे. फक्त मागे वळून बघितलं तर तू दिसायला हवीस.

तुझीच,
शेपूट