डोंगराच्या पायथ्याचा हिरवा पट्टा

आंबवडे,
१८ मार्च २०२५

चि. सौ. शेफालीस,
तुझ्या मोठ्या जाऊबाईचा आशीर्वाद. अमृतभावजींना नमस्कार सांग.

इकडे सगळी खुशाल. गाय व्यायली, कालवड झाली. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून गोडच निघतं, म्हणून हे कागदावर.

वणव्याचं यांनी तुला सांगितलंच असेल. डोंगर वरून पेटत आला आणि वारा आपल्याच घराकडे. ओल्या फांद्या घेऊन आम्ही धावलो. पण आग झाडांच्या पट्ट्यापाशी आली, हिरव्या गवतात धुमसली आणि बसली. करंजांची पुढची रांग होरपळली तेवढीच. गोठा वाचला, घर वाचलं.

तेव्हापासून गावभर तुझंच नाव. गावातल्या वसतिगृहाचं सांडपाणी शुद्ध होऊन ओढ्यात वाया जातं, ते पाइपानं डोंगराखाली आणून झाडं जगवायची, हे डोकं तुझंच. मान्य. "गटाराचं पाणी आमच्या शिवारात न्हाई पायजे," म्हणून सोनबाअण्णा अडून बसले, तेव्हा तूच त्यांच्याशी भांडलीस. तेही मान्य. मग तू वेल्ह्याला निघून गेलीस. दिवाळीपासून रोज पाणी कोण सोडत होतं गं? उंदरांनी कुरतडलेली नळी कोण बांधत होतं?

हे पाहुण्यांना पट्टा दाखवतात आणि म्हणतात, "आमच्या शेफालीनं केलंय." मी शेजारीच चहा घेऊन उभी.

तेही गिळलं असतं. पण अंगणात धूर भरला तेव्हा आत्याबाईंना मी पाठीवर घेऊन बाहेर काढलं. माझ्या गळ्याला मिठी मारून त्या ओरडत होत्या, "शेफाली, मला सोडू नगं गं!"

मी म्हटलं, "आत्याबाई, मी सुलक्षणा."

"व्हय गं. पर तिला बोलीव."

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या केसांना तेल मी लावते, शेफाली.

काल तुझा निरोप आला. गावानं ठरवलेल्या तुझ्या सत्काराला येशील आणि जाताना त्यांना हवापालटाला नेशील म्हणे. लगेच त्यांनी लुगड्यांचं गाठोडं बांधलं. "म्या लई दिस ऱ्हानार हाय तिकडं." मी ते सोडलं. त्यांनी पुन्हा बांधलं.

हार घे, शाल घे, फोटोत मधोमध उभी राहा. मी टाळ्या वाजवीन. पण त्यांना नेऊ नकोस. तुझ्याकडे त्या सुखात राहतील, परत यायचं नावही काढणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नेऊ नकोस.

आत्याबाईंची थोरली सून,
सुलक्षणा