धोंडे खाऊन घातलेलं शवासन

सणसर, मंगळवार दुपार

थोरले साडूभाऊ जोतीरामराव यांना धाकट्या ज्ञानेशचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, सकाळपासून मला वाकता येत नाही.) तुमची आणि ताईंची तब्येत उत्तमच असणार, कारण तुम्ही बारामतीत, सासूबाईंपासून सुरक्षित अंतरावर आहात. फोनच केला असता, पण त्या दाराशीच भाजी निवडत बसल्यात. म्हणून हे पत्र तुमच्याकडच्या मार्केट यार्डाला निघालेल्या टेंपोबरोबर पाठवतोय.

अधिक महिन्याचे धोंडे खायला आलो आणि फसलो. मी योगाचे वर्ग घेतो हे आपल्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, गावभर सांगितलेलं. त्यावर गावातल्या हिंदुरावांनी मामांना चारचौघांत विचारलं, "जावई सोता शिकीवतुय, का मोबाईलात बघतुय?" झालं! मला न विचारता आज सकाळी देवळात माझा वर्ग ठरला. वर्ग कसला, मामांची अब्रूच पणाला लागली होती.

पहाटे निघालो तर दारात सासूबाई, हातात ताट. मी समजावलं की आसनांना पोट रिकामं लागतं, आधी खाल्लेलं पचावं लागतं. त्या म्हणाल्या, "जावईबापू, उपाशीपोटी उंबरा वलांडू नगा. आन् खाल्लंच न्हाय तर पचणार काय?" याला योगशास्त्रात उत्तर नाही. पुरण भरलेले धोंडे, वर वाटीभर तूप, आणि नको म्हटलं की आणखी एक.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे वाकून दाखवायला गेलो तर पुरण गळ्याशी आलं. पवनमुक्तासनाची छाती झाली नाही (नावातच सगळं आलं, आणि समोर बायामाणसं). शेवटी सर्वांत शेवटचं आसन आधी घेतलं. "शवासन," असं म्हणून आडवा झालो आणि मला गाढ झोप लागली. घोरलोसुद्धा.

जाग आली तेव्हा हिंदुराव उशाशी हात जोडून उभे. "रामहरीतात्या, तुमचा जावई लई पोचलेला हाय. आमाला असलं ध्यान कवाच लागलं न्हाय." मामांचे डोळे भरून आले होते. त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही, होणारही नाही.

पोटात जागा झाली की सविस्तर बोलूच.

आपला,
ज्ञानेश

ता. क. : खरं काम असं की उद्याही वर्ग आहे. हे ध्यान मी तुमच्याकडून शिकलो असं सांगून बसलोय. तेव्हा संध्याकाळच्या एसटीने या आणि धोंड्यांतला निम्मा वाटा उचला.

ता. क. दुसरा : तुम्ही येताय हे सासूबाईंना कळलं. त्यांनी साऱ्या वर्गाला पुरेल एवढी पुरणाची डाळ भिजत घातलीय. उपाशीपोटी असलं ध्यान लागलं असतं का, असं त्या हिंदुरावांना विचारत होत्या. हिंदुराव म्हणाले, "न्हाय."