लोखंडी कढई

आई,

लोखंडी कढई शोधू नका, ती मी माळ्यावर टाकली आहे. मैत्रीला रक्त चढवायला घेऊन चाललेय, संध्याकाळ होईल. तुम्ही विहारातून येईपर्यंत थांबता आलं नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

थॅलेसेमियात रक्त कमी पडतं, लोह नाही. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतून लोह येतं आणि आत साठून राहतं, त्यानं हृदय आणि यकृत बिघडतं. तिची रोजची गोळी तेच बाहेर काढते. तुम्ही मायेनं त्या कढईत पालक शिजवता, वर खजूर भरवता, आणि गोळीचं काम वाढतं. पालक स्टीलच्या पातेल्यात करा, तुमच्या नातीला तुमच्याच हातची भाजी लागते.

आणि शेजाऱ्यांपाशी तिच्या आजारावरून माझ्या माहेराला बोल लावणं आता पुरे. तपासणीत तुमच्या अभयच्या रक्तातही हा दोष निघालाय, माझ्याही; दोघांकडून आला तरच मुलाला हा आजार होतो.

एक राहिलं. जेवताना थोडा चहा चालेल, त्यानं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या पाठीमागे तुम्ही तिला बशीत चहा ओतून देता, ते मला ठाऊक आहे. आजपासून माझ्यासमोर द्या.

निकिता