किरकोळ अडचण

३ जून
एकदाची नोकरी मिळाली. कंपनी दारांची डिजिटल कुलपं बनवते. कुलूप अडलं की त्याच्या छोट्या स्क्रीनवर काय दिसावं, ते मी लिहायचं. ताई म्हणते, म्हणजे पगार घेऊन लोकांच्या दारात माफी मागायची. कुणाची चेष्टा केल्याशिवाय तिला घास उतरत नाही. कर्मचाऱ्यांना कुलूप फुकट, त्यामुळे आम्हा दोघींच्या फ्लॅटलाही एक बसलं.

५ जून
माझ्या आधीच्या बाईंनी एकेचाळीस संदेश लिहून ठेवलेत, सगळे तोंडावर मारल्यासारखे. सत्ताविसावा तर कहरच: ‘आत एक माणूस जास्त आहे. दार उघडू नका.’ साहेबांचं म्हणणं, ग्राहक घाबरता कामा नये. मी सगळे काढले आणि एकेचाळीस बिघाडांना मिळून एकच गोड वाक्य ठेवलं: ‘किरकोळ अडचण. पुन्हा प्रयत्न करा.’ साहेब बेहद्द खूश.

९ जून
तक्रारी निम्म्यावर आल्या. सत्ताविसाव्या बिघाडाची तर एकही नाही. हे काही पटेना, म्हणून प्रोग्रामरला गाठलं. तो म्हणाला, कुलपाला माणसं मोजताच येत नाहीत. ती सूचना कुठून येते ते त्यालाही ठाऊक नाही. आधीच्या बाईही हेच विचारत होत्या म्हणे. त्यांचं पुढे काय झालं विचारलं, तर चहा आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ जून
सत्ताविसावा बिघाड आलेली अकरा घरं नोंदींतून शोधली आणि फोन केले. दहा ठिकाणी कोणी उचलेना. अकराव्या घरी एका बाईने उचलला, सगळं ठीक आहे म्हणाली. आवाज ओळखीचा वाटला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तो आवाज माझाच होता.

१२ जून
जुनी वाक्यं परत घाला म्हणून साहेबांच्या हातापाया पडले. तक्रार नाही म्हणजे अडचण नाही, म्हणाले. बोलताना नजर टाळत होते. मला भीती वाटतेय.

१३ जून, दुपार
रजा टाकली. आतल्या खोलीत बसलेय. ताई आली — बाहेरूनच विचारतेय, स्क्रीनवर किरकोळ अडचण आलीय, काय करू.
बॅटरी असेल. बॅटरीच असेल. पण कळणार कसं — सगळ्यांचं एक मीच केलं —
हॉलमध्ये कोणीतरी चाललं.
ताईला थांबवायला हवं. फोन हॉलमध्ये राहिलाय — ओरडले तर हॉलमध्ये ऐकू जाईल —
हॉलमधून तिला उत्तर गेलं. माझ्या आवाजात. काही नाही गं ताई, पुन्हा दाब.
ताई हसतेय. म्हणते, माफी माग आधी —
कुलूप उघड